‘कुठे होतीस?’ : एका पोलिश प्रश्नात दडलेला इतिहास

संशोधनासाठी विषय शोधणारे बरेच विद्यार्थी विचारतात, “विषय मोठा घ्यावा की छोटा?” माझं उत्तर ठरलेलं आहे. विषय छोटा घ्या, फक्त त्याला प्रश्न नीट विचारता आले पाहिजेत. किती छोटा? आज आपण दोन शब्दांचं एक वाक्य घेऊ. ते पोलिश भाषेतलं आहे आणि घराघरात रोज बोललं जातं. पोलिश तुम्हाला अजिबात येत नसेल तरी चालेल. शाळेत दोन-तीन वर्षं संस्कृत घेतलं असेल तर ते मात्र कामाला येईल.

वाक्य असं : ‘ग्जे बिवाश?’ अर्थ, ‘कुठे होतीस?’ उशिरा घरी आलेल्या मुलीला आई विचारते तो हा प्रश्न. मुलगा असेल तर ‘ग्जे बिवेश?’, म्हणजे ‘कुठे होतास?’ ‘बि’ म्हणताना जीभ जरा मागे ओढायची, इ आणि उ यांच्या मधला उच्चार होतो. आणि इथे ऐकू येणारा ‘व’ लिहिताना मात्र आडवी रेघ मारलेल्या ‘एल’ अक्षराने लिहितात. ही रेघ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता हाच प्रश्न त्या आईने जरा चढ्या आवाजात विचारला तर काय ऐकू येतं बघा : ‘ग्जेश ती बिवा?’ यातला ‘ती’ म्हणजे पोलिशमधला ‘तू’. म्हणजे मराठीत ‘कुठे होतीस गं तू?’ अर्थ तोच, पण शेवटचा ‘श’ क्रियापदावरून उठला आणि ‘कुठे’ला जाऊन चिकटला. मराठीत असं करून पाहा. ‘कुठे होतीस’ऐवजी ‘कुठेस होती’ म्हणता येईल का? नाही. प्रत्यय क्रियापदाचा असेल तर त्याने क्रियापदापाशीच राहायला हवं. मग पोलिश प्रत्यय असा फिरतो कसा?

आजचा लेख या एका प्रश्नाबद्दल आहे.

आधी विसंगती गोळा करा

एक विचित्र गोष्ट दिसली की लगेच सिद्धांत मांडायला जाऊ नका. आधी पाहा की तिच्या आजूबाजूला आणखी काही विचित्र आहे का. इथे निदान तीन गोष्टी सापडतात.

पहिली गोष्ट आघाताची. पोलिशमध्ये शब्दातला जोर नेमाने शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. पण ‘आम्ही होतो’ यासाठी जो शब्द आहे, ‘बिलिश्मी’, त्यात प्रमाण उच्चाराप्रमाणे जोर पहिल्या ‘बि’वर, म्हणजे शेवटून तिसऱ्या अक्षरावर येतो. जणू शेवटचा ‘श्मी’ मोजणीत धरलेलाच नाही.

दुसरी गोष्ट लिंगाची. पोलिशच्या वर्तमानकाळात ‘तू आहेस’ म्हणताना समोर मुलगा आहे की मुलगी हे क्रियापदावरून कळत नाही. भूतकाळात मात्र लगेच कळतं : बिवेश आणि बिवाश. काळ बदलला की लिंग कुठून उगवतं?

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. ‘मी’ला प्रत्यय आहे, ‘तू’ला आहे, ‘आम्ही’ला आणि ‘तुम्ही’ला आहे. पण तृतीय पुरुषात काहीच नाही. ‘तो होता’ म्हणजे नुसतं ‘बिव’, ‘ती होती’ म्हणजे नुसतं ‘बिवा’.

फिरणारा प्रत्यय, मोजणीत न धरलेलं अक्षर, लिंगाचा खेळ आणि रिकामी जागा. या चार गोष्टींची चार वेगवेगळी कारणं असू शकतात. पण एकाच कारणाने चारही सुटत असतील तर ते गृहीतक तपासून पाहण्याच्या लायकीचं आहे, असं समजायला हरकत नाही.

गृहीतक : हा प्रत्यय एकेकाळी शब्द होता

समजा, हा ‘श’ मुळात प्रत्यय नव्हताच. तो एक स्वतंत्र शब्द होता आणि त्याचा अर्थ होता ‘आहेस’. म्हणजे आजचं ‘बिवाश’ हे पूर्वी दोन शब्दांचं होतं : ‘झालेली’ + ‘आहेस’.

आता संस्कृतची वही काढा. जुन्या पोलिशमध्ये ‘असणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं कशी होती ते संस्कृतशेजारी ठेवून पाहू :

मी : येश्म – अस्मि – आजचा प्रत्यय ‘म’
तू : येश – असि – आजचा प्रत्यय ‘श’
तो/ती : येस्त – अस्ति – आज प्रत्यय नाही
आम्ही : येस्मी – स्मः – आजचा प्रत्यय ‘श्मी’
तुम्ही : येश्चे – स्थ – आजचा प्रत्यय ‘श्चे’
ते : सों – सन्ति – आज प्रत्यय नाही

उजवीकडचा रकाना पुन्हा पाहा. आजचे प्रत्यय म्हणजे या जुन्या शब्दांची झिजलेली शेपटं आहेत. तृतीय पुरुषात सहायक शब्द लवकरच गळून पडला, म्हणून तिथे जागा रिकामी. संस्कृतातही ‘सा गता अस्ति’मधलं ‘अस्ति’ सहज गाळतात, पण ‘गतोऽस्मि’मधला ‘अस्मि’ गाळला तर कोण गेलं ते कळत नाही. तसंच काहीसं.

लिंगाचंही कोडं सुटतं. ‘बिवा’ हे मुळात क्रियापदाचं पुरुषवाचक रूप नाही, ते धातुसाधित विशेषण आहे, आणि विशेषण कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलणारच. आघाताचं कोडं सुटतं, कारण ‘श्मी’ वेगळा शब्द होता आणि त्याच्याआधीचा शब्द आपला जोर आपल्या जागी ठेवून होता. फिरण्याचंही कोडं सुटतं. शब्दाला वाक्यात जागा बदलता येते, आणि असे छोटे, स्वतःचा जोर नसलेले शब्द वाक्याच्या पहिल्या शब्दामागे जाऊन उभे राहतात. संस्कृतात ‘च’, ‘वा’, ‘मे’, ‘ते’ वाक्याच्या सुरुवातीला येत नाहीत, पहिल्या शब्दाचा आधार घेऊनच येतात. भारोपीय भाषांमधली ही सवय याकोब वाकरनागेल या अभ्यासकाने १८९२ मध्ये नियम म्हणून मांडली.

आता आपलं वाक्य शब्दशः सोलून पाहू. ‘ग्जे’तला ‘ग’ पूर्वी ‘क’ होता. त्याचं नातं वेदातल्या ‘कुह’ (कुठे) या शब्दाशी आहे, आणि आपल्या ‘कुठे’तलं ‘कु’ही त्याच प्रश्नार्थक अंगाचं. ‘बि’ म्हणजे ‘भू’ धातू. स्लाव्हिक भाषांमध्ये जुन्या दीर्घ ‘ऊ’चा हा मागे ओढलेला ‘इ’ झाला, म्हणून ‘तू’चाही ‘ती’ झाला. मग कृदन्ताचा ‘ल’, जो आता ‘व’ ऐकू येतो. मग स्त्रीलिंगाचा ‘आ’, जसा ‘गता’मध्ये. आणि शेवटी ‘श’, म्हणजे ‘असि’. ‘भू’ आणि ‘अस्’, ‘असणे’ या अर्थाचे दोन्ही जुने धातू एका रोजच्या शब्दात शेजारी बसलेले आहेत, आणि विचारणाऱ्या आईला त्याचा पत्ताही नसतो.

‘व’ हा पूर्वी ‘ल’ होता कशावरून? ती रेघ आठवते ना? लिहिताना अजून ‘एल’च लिहितात, हा एक पुरावा. दुसरा पुरावा उच्चारातच आहे : पुरुषांच्या समूहासाठी ‘ते होते’ म्हणताना ‘बिली’ म्हणतात. तिथे पुढच्या ‘ई’मुळे ‘ल’ कोमल राहिला आणि वाचला. बाकी ठिकाणी त्याचा ‘व’ झाला.

कागद काय सांगतात?

इथवर सगळं छान जुळलं. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. आपण आजच्या भाषेवरून मागचा अंदाज बांधला. तो खरा असेल तर जुन्या कागदात त्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत. इतिहासाचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो, आणि अडचणीही.

पोलंडमध्ये मध्ययुगात लेखनाची भाषा लॅटिन होती. जुन्या पोलिशसाठी पहिलं नाव घेतात ते ग्नेझ्नोच्या ११३६ सालच्या पोपच्या आज्ञापत्राचं. मजकूर लॅटिन, पण त्यात गावांची आणि माणसांची मिळून सुमारे ४०० पोलिश नावं आहेत. ध्वनींच्या अभ्यासासाठी ती खाणच आहे. यान बोदुएँ द कुर्तने या भाषाशास्त्रज्ञाने १८७० मध्ये चौदाव्या शतकापूर्वीच्या पोलिश भाषेवर ग्रंथ लिहिला तो लॅटिन कागदांतले असे सुटे शब्द वेचूनच. पण आपला प्रश्न भूतकाळाचा आहे. नावांना भूतकाळ नसतो.

मग येतं हेन्रिकुफ मठाचं पुस्तक. सिलेशियातल्या सिस्टर्शियन मठाच्या पेत्रुस नावाच्या मठाधिपतीने १२७० च्या सुमारास मठाच्या जमिनी कुठून कशा आल्या याची हकिकत लॅटिनमध्ये लिहिली. पुढे कुणी दावा सांगितला तर मठाकडे उत्तर असावं हा हेतू. त्यात एका गावाचं नाव कसं पडलं हे सांगताना जात्यावर दळणाऱ्या बायकोची दया येऊन नवरा तिला काय म्हणाला ते पोलिशमध्ये दिलं आहे : आता मी दळतो, तू जरा विसावा घे, अशा अर्थाचं. पोलिशमधलं पहिलं लिखित वाक्य म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि हे पुस्तक २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीतही गेलं. वाक्य गोड आहे, माणसाचं आहे. पण आपल्या कामाचं नाही! त्यात आज्ञार्थ आहे, भविष्य आहे, भूतकाळाचं रूप एकही नाही. हे मुद्दाम सांगतो आहे. सर्वात प्रसिद्ध साधन आपल्या प्रश्नाचं उत्तर देईलच असं नसतं. साधनाची कीर्ती बघून प्रबंधात त्याला पहिलं पान देण्याचा मोह टाळा.

तिसरं साधन सापडलं १८९० मध्ये. अलेक्सांदर ब्र्युक्नर हे अभ्यासक सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात काम करत असताना एका लॅटिन हस्तलिखिताच्या बांधणीत त्यांना चर्मपत्राच्या पट्ट्या दिसल्या. कुणा जुन्या बांधणीकाराने निरुपयोगी झालेली पोलिश प्रवचनं कापून बांधणीला वापरली होती. अशा १८ पट्ट्या. त्या जुळवल्यावर जे वाचता आलं त्याला आज ‘पवित्र क्रूसाची प्रवचनं’ म्हणतात. पोलिशमधला सलग गद्याचा हा सर्वात जुना नमुना.

या पट्ट्यांमध्ये आपल्याला हवं ते मिळतं. ‘ल’वाला नवा भूतकाळ तिथे आहेच, पण त्याच्यासोबत जुन्या साध्या भूतकाळाची मोजकी रूपंही आहेत, म्हणजे संस्कृतच्या लङ् आणि लुङ् यांचे दूरचे भाऊबंद. एक पद्धत मावळते आहे आणि दुसरी रुजते आहे, तो संधिकाल आपल्याला दिसतो. पुढच्या काळात ती जुनी रूपं पोलिशमधून गेली आणि ‘झालेली आहेस’ या जोडरूपाने सगळी जागा घेतली.

ही पट्ट्यांची गोष्ट इथेच संपत नाही. १९२१ च्या रीगा तहानंतर त्या पोलंडला परत मिळाल्या. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्यांना देशाबाहेर नेलं गेलं, त्या कॅनडात राहिल्या आणि १९५९ मध्ये वॉर्साला परतल्या. वॉर्सात मागे राहिलेल्या हस्तलिखितांचा प्रचंड साठा १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन सैन्याने क्रासिन्स्की ग्रंथालयात जाळला. म्हणून जुन्या पोलिशबद्दल ‘हे रूप आढळत नाही’ असं वाचलं की थांबायचं. ते रूप नव्हतंच, की ते असलेला कागद आपल्यापर्यंत पोचला नाही? दोन्हींत फार फरक आहे, आणि ‘आढळत नाही’ या दोन शब्दांत तो झाकला जातो.

भूतकाळ कोर्टात सापडतो

प्रवचनं झाली तरी ती धर्माची, जपून लिहिलेली भाषा. ‘कुठे होतीस?’ अशी बोलीची भाषा कुठे शोधायची? विचार करा : माणसं आपला भूतकाळ कुठे काटेकोरपणे सांगतात? न्यायालयात.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पोलंडच्या न्यायालयांच्या वह्यांमध्ये साक्षीदारांच्या शपथा पोलिशमध्ये लिहिलेल्या सापडतात. पोझनानच्या वह्या १३८६ पासूनच्या आहेत. बाकी सगळी नोंद लॅटिनमध्ये, आणि शपथ तेवढी पोलिशमध्ये. असं का? कारण ती साक्षीदाराने स्वतःच्या तोंडाने, ठरलेल्या शब्दांत म्हणायची असे. शब्द चुकले तर दावा हातचा जाऊ शके. म्हणून कारकुनाला ते अचूक लिहून ठेवणं भाग होतं. कुणाचे बैल नेले, कुणाची सीमा ओलांडली, कुणी कुणाला मारलं, कोण तिथे हजर होतं : सगळा मामला भूतकाळाचा, सगळी रूपं आपल्या कामाची.

या शपथांची सुरुवात वारंवार एकाच शब्दाने होते, ‘याकोम’. ‘याको’ म्हणजे ‘की’ किंवा ‘जसं’, आणि पुढचा ‘म’ म्हणजे आपला ‘अस्मि’चा ‘म’. क्रियापद वाक्यात खूप पुढे येतं, पण त्याचा ‘मी’ आधीच पहिल्या शब्दामागे येऊन उभा आहे. अगदी ‘ग्जेश ती बिवा?’सारखा. आपलं गृहीतक ज्या जागेचं भाकीत करतं, तीच जागा सहाशे वर्षांपूर्वीच्या साक्षीत दिसते.

मराठीचे अभ्यासक हे वाचताना महजर आणि करिने आठवतील, आणि ते बरोबरच आहे. वतनाच्या भांडणात गावकऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेणारा कागद भाषेच्या इतिहासालाही साक्ष देतो. फक्त बोलणाऱ्याचं किती आणि लिहिणाऱ्याचं किती, हा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा लागतो.

मराठीशी साम्य : इथे सावकाश चाला

एव्हाना तुमच्या मनात एक घंटा वाजली असेल. मराठीतही भूतकाळात ‘ल’ आहे : गेला, गेली, आला, आली. मराठीतही लिंग दिसतं. ‘तू गेलास, तू गेलीस’ यात ‘स’ आहे. आणि ‘तो गेला’मध्ये प्रत्यय नाही! मग मराठी आणि पोलिश बहिणी का?

इथे दोन धागे वेगळे करायला हवेत.

‘ल’चा धागा आधी. पोलिश ‘ल’ हा स्लाव्हिक भाषांचा सामायिक कृदन्त-प्रत्यय आहे. रशियन आणि चेकमध्येही तो आहे. मराठीचा ‘ल’ प्राकृतातून येतो : संस्कृतच्या ‘गत’सारख्या रूपांना प्राकृतात ‘इल्ल’सारखा प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून ‘गेला’ घडलं. म्हणजे भूतकाळ दाखवण्याचं काम या दोन ‘ल’ना वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या ठिकाणी मिळालं. डोळ्यात भरणारं साम्य आहे, पण वारसा नाही.

‘स’चा धागा उलटा आहे. पोलिश ‘श’ येतो ‘असि’शी नातं असलेल्या शब्दातून, आणि त्याच्या शेवटी मध्यमपुरुषाचा जुना ‘सि’ आहे. मराठीतला ‘गेलास’, ‘करतोस’मधला ‘स’ही त्याच ‘सि’च्या घराण्यातला मानतात. म्हणजे ज्याच्याकडे आधी लक्ष जात नाही तो ‘स’ खरा नातेवाईक निघतो, आणि ज्याने आपण भारावून गेलो तो ‘ल’ केवळ सारखा दिसणारा. तरीही हा ‘स’ कृदन्ताला येऊन चिकटण्याची घटना दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली आहे. साहित्य सारखं, बांधकाम वेगळं.

तुलनेचा अभ्यास करणाऱ्यांनी ही काळजी घेतली नाही तर ‘सगळ्या भाषा आमच्याच भाषेतून निघाल्या’ या छापाचे निष्कर्ष फार लांब नसतात. संस्कृत इथे पोलिशची आई नाही. दोघी एका जुन्या घराण्यातल्या आहेत, आणि संस्कृतने काही दागिने अधिक नीट सांभाळले, एवढंच.

‘चूक’ हाही पुरावा

आजच्या पोलंडमध्ये या प्रत्ययांचं काय चाललं आहे? ओढा स्पष्ट आहे : फिरणारे प्रत्यय आता बहुतेक क्रियापदालाच चिकटून राहतात. बोलताना अनेक जण ‘बिलिश्मी’मध्ये जोर ‘लि’वर देतात, म्हणजे नेहमीच्या नियमाप्रमाणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर. याचा अर्थ त्यांच्या कानाला ‘श्मी’ हा आता शब्दाचाच भाग वाटतो.

दुसरीकडे बोलीत ‘झे’ (म्हणजे ‘की’) या शब्दाला प्रत्यय लावून ‘झेश्मी’ असं रूप वापरतात, आणि तेही जिथे ‘की’ची गरज नाही अशा वाक्यात. सिलेशियात ‘मी होतो’ यासाठी ‘बिवेख’ ऐकू येतं. त्यातला ‘ख’ तर त्या मावळलेल्या साध्या भूतकाळाचा शिल्लक तुकडा आहे. शाळेत या रूपांवर लाल रेघ ओढली जाते. शिक्षक आपलं काम करतात, ठीक आहे. पण संशोधक म्हणून तुम्ही ती वही बघाल तेव्हा लाल रेघेखालचंच आधी वाचा. प्रमाणभाषेने पुसलेलं बरंच काही तिथे शिल्लक असतं.

आणि एक गंमत. जुना ‘येश्म’ (आहे मी) झिजून प्रत्यय झाला, तेव्हा ‘मी आहे’ म्हणायला नवं रूप लागलं. पोलिशने ते तृतीय पुरुषावरून बनवलं : ‘येस्त’ला तोच झिजलेला प्रत्यय लावून ‘येस्तेम’. संस्कृतात कुणी ‘अस्ति’ला ‘मि’ लावून ‘अस्तिमि’ केलं असतं तर कसं वाटलं असतं? पोलिश मुलं तेच पहिल्या दिवसापासून म्हणतात आणि ते शंभर टक्के प्रमाण आहे. कालची मोडतोड आज व्याकरण होते.

आता तुमची पाळी

मराठीतलं एक रोजचं वाक्य घ्या. ‘मला जायचंय’ घ्या, किंवा ‘तू काय करतीयेस?’ घ्या. त्याला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं एका पानावर लिहा.

१. यात नियमाला न जुमानणारं काय आहे? एकच गोष्ट, की आणखी काही?
२. या सगळ्यांना पुरेल असं एक गृहीतक मांडता येतं का?
३. ते खरं असेल तर जुन्या कागदात काय दिसायला हवं, आणि कुठल्या प्रकारच्या कागदात? काय दिसलं तर ते खोटं ठरेल?
४. शेजारच्या भाषेतलं साम्य वारशाने आलं आहे, उसनं घेतलं आहे की योगायोग आहे?
५. ज्याला लोक ‘अशुद्ध’ म्हणतात अशी त्याची कुठली रूपं आहेत?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देता आलं, तर तुमच्याकडे संशोधनाचा विषय आहे. नाही आलं, तर सध्या तुमच्याकडे एक छान निरीक्षण आहे. तेही जपून ठेवा, पण आराखड्यात लिहू नका.